वसवा

आमच्याकडे वसवा म्हणतात त्याला.
झाडाच्या सावलीत पीक धरत नाही ना, ते.
मावळतीच्या बांधावर हिवर.
सकाळची सावली त्याची गाडीवाटेवर सांडते,
दुपार कलली की आमच्या मालदांडीवर.

गुरुलिंग तात्या शेजारचे, दरसाल सुतळीने मोजायचे.
"अकरा तासं गेली, द्वारके."
गुडघ्याएवढी ताटं,
कणीस म्हणजे नुसती शेंडी,
हुरड्यालासुद्धा कुणी खुडणार नाही.
"तोड. लाकूडवाला तीन हजार देतोय."

ज्या दिवशी तोडायचं ठरलं
त्या दिवशी त्याचं ट्रॅक्टर माणच्या वाळूत रुतलं.
मी काही नवसबिवस बोलले नव्हते.
पण दिवस रिकामा मिळाला
आणि मीही मोजायला बसले.

काढणी होऊन गेलेली. कडबा रचलेला.
रानात धसकटं, आणि सांगोल्याकडून येणारी गरम हवा.
तिनं हिवर हलवला की शेंगा पडायच्या
वाळक्या, वाकड्या, खुळखुळत.
चंद्री, बोदली, काजळी आणि त्यांची सहा पिल्लं
तो आवाज ऐकून धावायची
जशी पोरं शाळेच्या घंटेला धावत नाहीत.
खाऊन तिथेच बसायची, रवंथ करत.
सावली सरकेल तशी उठून पुढे,
पुन्हा बसायची, पुन्हा पुढे,
तासातासाने,
म्हणजे घड्याळाच्याही आणि नांगराच्याही.
संध्याकाळी अकरावं तास आलं
तेव्हा मागे सगळीकडे लेंड्या
कुणी मुठीनं पेराव्यात तशा.

मी तात्यांना म्हटलं,
झाडानं जिथलं ताट काढून घेतलं
तिथेच शेळ्या वाढून गेल्या.
ते म्हणाले, "बोलायला काय जातंय."

मग मेंढरं घेऊन म्हाळाप्पा आला, माडग्याळकडून.
तात्यांनी त्याला आधीच सांगून ठेवलेलं:
आमच्या रानात बसव, दोन रात्रीला दोन पायल्या.
म्हाळाप्पानं ते रान पाहिलं. हातासारखं स्वच्छ,
बांध तासलेला, काडी नाही की सावली नाही.
"रात्रीचं ठीक आहे अण्णा,
दिवसा मेंढरं कुठं ठेवू? तुमच्या टोपीखाली?"
आणि आमच्या हिवराखाली घोंगडं टाकलं.
जाताना म्हणाला,
"वसवा पडतो तिथं मेंढरं बसवा, बाई.
आमची म्हातारी माणसं म्हणायची."
खरंच म्हणायची की त्यानं तेव्हाच जुळवलं, कुणास ठाऊक.
मी एक पायली जास्त दिली.

सगळं गोडीनं नांदतं, असं नाही.
पुढच्या कार्तिकात काजळी दावं तोडून
कोवळ्या ज्वारीत शिरली. किराळ लागली.
मी पोचेपर्यंत पोट फुगून पाय ताठ.
हिवराच्या बुडाशीच पुरली तिला.
आता त्या अंगाला शेंगा जास्त लागतात
असं माझा पोरगा सांगतो.
मला तसं दिसत नाही. मी त्याला तोडत नाही.

तिसऱ्या साली तात्यांनी पुन्हा सुतळी धरली.
"नऊ. दोनच तासं सुधारली."
दोनच, मी म्हटलं.
उगीच कशाला खोटं बोलू,
बाकीची नऊ अजून बुटकीच.
त्यांत आता हुलगा टाकते,
बांधाला शेवरी लावलीय, ती शेळ्या ओरबाडतात,
दूध सकाळी डेअरीला, चहापुरतं घरी.
हिशेब कधी जुळतो, कधी नाही.

यंदा एक गोष्ट झाली.
शेळीच्या पोटातून गेलेली बी लवकर रुजते.
कुठल्या मेंढराच्या खुरातून,
की कुठल्या लेंडीतून, देव जाणे,
तात्यांच्या तासलेल्या बांधावर
हिवराचं रोप उगवलं. वीतभर. चार काटे.
मी रोज जाता-येता बघायची, आज उपटतील.
काल पाहिलं तर भोवती बोरीच्या फांद्यांचं कुंपण,
पक्कं, तीन पदरी,
आणि कुंपणाच्या काठीला
गुंडाळून ठेवलेली सुतळी.